भोंगा थांबल्यावर

(वेळापूर येथे तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोस्तांनो, बहिणींनो, १५ जून २०२३ हा दिवस तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या श्री सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी त्या दिवशी पाडली. विमानतळाच्या धावपट्टीला ती अडथळा ठरत होती. काही सेकंदांत चिमणी खाली आली आणि तासाभरात तो व्हिडिओ जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला. कुणाला वाटलं, आता सोलापूरचं विमान उडणार. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्यांचा ऊस तिथे जात होता. कारखाना बंद झालेला नव्हता, फक्त चिमणी गेली होती. तरीही सभासद शेतकऱ्यांच्या पोटात गोळा आला. चिमणीचा धूर म्हणजे आपलं बिल, आपल्या ट्रॅक्टरचा हप्ता, पोरीचं लग्न, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

आज मला एकाच प्रश्नावर बोलायचंय. मोठा कारखाना बंद होतो तेव्हा आजूबाजूच्या गावांचं काय होतं? आणि त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न असा की, बंद होणारा कारखानासुद्धा गावाला जगवू शकतो का? ऐकायला विचित्र वाटेल. पण जगात तसं घडलंय, थोडंफार आपल्या जिल्ह्यातही घडलंय. आणि जिथे घडलं नाही, तिथे ते का घडलं नाही हे आपल्याला समजून घ्यायला हवं.

सुरुवात माझ्या घरापासून करतो.

माझे आजोबा, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सोलापूरच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. गिरणीचं नाव घेत नाही, कारण हीच गोष्ट तुम्हाला कुठल्याही गिरणीच्या कामगाराकडून ऐकायला मिळेल. दादा गावाकडून आले तेव्हा बदली कामगार म्हणून लागले. रोज सकाळी गेटवर जायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी परत. अशी आठ वर्षं गेली, मग कायम झाले. दर महिन्याला गावी मनीऑर्डर जायची. त्या पैशांवर गावाकडे विहीर खोदली, दोन आत्यांची लग्नं झाली, दुष्काळात बैल विकावे लागले नाहीत. थोडक्यात, गिरणी शहरात होती आणि तिचा पगार शेतात जिरत होता.

मग गिरणी बंद पडली. आधी ‘तात्पुरती’ म्हणाले. दादा रोज गेटवर जाऊन नोटीस वाचून यायचे. दोन वर्षांनी समजलं की ती आता उघडणार नाही. हिशेबाचे पैसे मिळायला आणखी बरीच वर्षं गेली, आणि मिळाले तेव्हा त्यात बदलीची आठ वर्षं धरलेलीच नव्हती. बदली कार्ड कुठंय, असं विचारलं. कार्ड घर बदलताना हरवलं होतं. दादांनी आयुष्यातली आठ वर्षं काम केल्याचा पुरावाच उरला नव्हता.

नंतर यंत्रं तोडायला टोळी आली. ती बाहेरची होती. ठेकेदार बाहेरचा, गॅस कटर चालवणारी पोरं बाहेरची, ट्रकही बाहेरचे. ज्यांनी ती यंत्रं तीस तीस वर्षं चालवली, ते गेटच्या बाहेर चहा पीत बघत होते. दादा म्हणायचे, “मयताला खांदा द्यायलाही आम्हाला बोलावलं नाही.”

आता ही गोष्ट थोडी मागे नेऊन बघू.

सोलापूरला रेल्वे आली १८६० साली. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली, तीच आपली ‘जुनी मिल’. ते साल लक्षात ठेवा. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. म्हणजे एका बाजूला शेत करपलं होतं आणि दुसऱ्या बाजूला चिमणी उभी राहत होती. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल अशा गिरण्या आल्या. सोलापूर हा कमी पावसाचा जिल्हा. इथल्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी गिरणीतला एक पगार म्हणजे पिकाचा विमाच होता. तेलंगणातून पद्मशाली आले, कर्नाटकच्या बाजूने लिंगायत आले, आसपासच्या खेड्यांतून मराठे, दलित, धनगर, मुसलमान आले. एकाच पाळीत, एकाच भोंग्यावर. याच कामगार वस्त्यांमध्ये काम करणारे, ‘गझनफर’ हे साप्ताहिक चालवणारे अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांच्यासोबत १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी गेले. चार हुतात्म्यांची ही नावं एकत्र का येतात, याचं एक उत्तर गिरण्यांनी घडवलेल्या त्या शहरातही आहे.

आता १९४९ सालाकडे या. जुन्या मिलच्या संचालकांनी जुलैमध्ये नोटीस लावली आणि २७ ऑगस्ट १९४९ ला गिरणी बंद केली. हजारो माणसं एका दिवसात घरी बसली. ९ जानेवारी १९५० ला केंद्र सरकारने खास या एका गिरणीसाठी अध्यादेश काढला आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. कारण काय दिलं? कापडाचं उत्पादन घटलंय आणि लोक मोठ्या संख्येने बेकार झालेत. पुढे त्याचा कायदा झाला. म्हणजे आपली राज्यघटना लागू होत होती त्याच महिन्यात सरकारने मान्य केलं होतं की, गिरणी बंद करणं ही फक्त मालकाची खाजगी बाब नाही.

मग खटले झाले. चिरंजीतलाल चौधरी नावाचे एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने बहुमताने त्यांचा अर्ज फेटाळला. दुसरे भागधारक द्वारकादास श्रीनिवास यांचा खटला डिसेंबर १९५३ मध्ये निकाली निघाला, आणि त्यात न्यायालयाने उलट म्हटलं : भरपाई न देता मालमत्ता अशी ताब्यात घेता येणार नाही. कायद्याचे विद्यार्थी आजही हे दोन्ही निकाल वाचतात. तुमच्यापैकी कुणी वकिली शिकत असेल तर तुम्हीही वाचाल. वाचताना एक गोष्ट बघा. दोन्ही खटल्यांत दाद मागणारा भागधारक होता. मालमत्ता कुणाची, हा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. त्या गिरणीत वीस वर्षं साचा चालवणाऱ्याचं तिच्यावर काही देणं लागतं का, हा प्रश्न त्या खटल्यांत कुणी विचारलाच नव्हता. जुनी मिल पुढे कायमची बंद पडली. लक्ष्मी-विष्णू १९९० च्या दशकात गेली. एकेक करत भोंगे थांबले.

मग त्या घरांचं पोट कशावर भरलं? पुरुष यंत्रमागावर गेले, रिक्षा चालवू लागले, पुण्या-मुंबईला गेले. आणि घर खरं उचलून धरलं ते बायकांनी. विड्या वळून. सोलापुरात तेलुगू, मराठी, उर्दू बोलणाऱ्या हजारो बायका सूप मांडीवर घेऊन बसल्या. गिरणीत मिळणारी पाळी, सुट्टी, बोनस यांतलं काही तिथे नव्हतं. जेवढ्या विड्या, तेवढे पैसे.

पण याच बायकांनी एक वेगळं काम करून दाखवलं. संघटना केली, वर्षानुवर्षं मोर्चे काढले, आणि कुंभारीच्या माळावर स्वतःची सहकारी वसाहत उभी केली. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची, दहा हजार घरांची. १ सप्टेंबर २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं दिली गेली. पुढे त्याच परिसरात तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प आला, त्यातली पहिली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला दिली. पक्ष कुठला, नेता कोण, यावर तुमचं मत काहीही असो. मी एवढंच म्हणतो की ही घरं कुणी दान दिली नाहीत. ज्यांच्याकडे विडीचं ओळखपत्र होतं, संघटनेची पावती होती, ज्या सभेला येत होत्या, त्यांचं नाव यादीत लागलं. माझ्या दादांकडे नेमकं तेच नव्हतं.

आता जरा लांब जाऊ. स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाला केथनेस नावाचा भाग आहे. थंड, वाऱ्याचा, मेंढपाळ आणि कोळ्यांचा मुलूख. जवळचं गाव थर्सो. तिथे १९५० च्या दशकात डूनरे नावाचं अणुसंशोधन केंद्र बांधलं. गावाची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली. १९९४ मध्ये तिथली शेवटची अणुभट्टी बंद झाली. आपल्या हिशेबाने गोष्ट तिथेच संपायला हवी. पण आज तीस वर्षांनंतरही तिथे शेकडो माणसं रोज कामावर जातात, आणि पुढची अनेक दशकं जाणार आहेत. काम काय? तो कारखाना उलगडण्याचं. एकेक पाइप, एकेक टाकी, एकेक भिंत मोजून, तपासून, साफ करून काढायची. बंद करणं हाच तिथला रोजगार झाला.

ब्रिटनने २००४ मध्ये कायदा केला आणि अशा सगळ्या जुन्या अणुकेंद्रांसाठी एक प्राधिकरण स्थापन केलं. त्या कायद्यात या प्राधिकरणावर एक जबाबदारी टाकली आहे : केंद्र बंद करताना आसपासच्या वस्तीच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा विचार करायचा. मग थर्सोतल्या पोरांना तिथेच प्रशिक्षण, स्थानिक धंद्यांना कामं, आणि ‘हे काम संपल्यावर पुढे काय’ यावर आजपासून पैसा आणि डोकं लावायचं. शेजारच्या विक बंदरातून आता समुद्रातल्या पवनचक्क्यांची देखभाल होते. धातूकाम, वीजकाम येणारी माणसं त्या भागात आधीपासून होती, त्याचा अशा कामांना उपयोग होतो.

तिथे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. तिथलेही लोक विचारतात की सरकारी पैशावर किती दिवस जगायचं, शेवटचा ट्रक गेल्यावर काय. आणि एक मोठा फरक आहे, तो प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. तिथे किरणोत्सर्गाचा धोका मागे राहिला, म्हणून सरकारला थांबावं लागलं. आपल्या गिरण्यांमागे फक्त माणसं राहिली. माणसांसाठी कुणाला थांबावंसं वाटलं नाही. तरीही डूनरेकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. बंद करणं हे एका नोटिशीचं काम नाही, ते वर्षानुवर्षांचं काम आहे, आणि त्या कामावर पहिला हक्क स्थानिक माणसाचा असू शकतो.

“पण सर, आमच्या वेळापूरचा याच्याशी काय संबंध?” तुमच्या चेहऱ्यांवर मला हा प्रश्न दिसतोय.

संबंध आहे. नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी आलं आणि या तालुक्याचं नशीब बदललं. सासवडचे माळी शेतकरी इथे आले, त्यांनी कंपनी काढून माळीनगरचा कारखाना उभारला. श्रीपूरला बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट आली. मग सदाशिवनगर, अकलूजचं शंकरनगर. त्या काळी खाजगी साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन मोठमोठे मळे केले. महाराष्ट्रभर असे मळे झाले, माळशिरस तालुक्यातही. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, कंपन्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि १९६३ मध्ये शेती महामंडळ झालं. मळे म्हणजे शेतीचा कारखानाच : हजेरीपट, मुकादम, कामगारांच्या चाळी, भोंग्याऐवजी घंटा.

पुढे हे महामंडळही थकत गेलं. मूळ खंडकरी शेतकऱ्यांची मुलं-नातवंडं जमिनी परत मागत राहिली, आणि २०१२ पासून जमीनवाटप सुरू झालं. पन्नास वर्षांनी जमीन परत मिळाली! ही लहान गोष्ट नाही. बंद पडत चाललेल्या एका मोठ्या आस्थापनेतून शेकडो घरांना पुन्हा शेती मिळाली. पण आता दुसरी बाजू बघा. ज्याच्याकडे सातबाऱ्याचा जुना उतारा होता, खंडाचा कागद होता, त्याला जमीन मिळाली. त्याच मळ्यावर दोन पिढ्या पाणी धरणारा, ऊस बांधणारा कामगार मात्र चाळीतल्या खोलीची आणि घरापुरत्या जागेची मागणी करत राहिला. त्याचा घाम कुठल्या उताऱ्यावर चढलेला नव्हता.

साखर कारखान्यांचंही तेच. आपल्याच जिल्ह्यात सांगोल्याचा कारखाना दहा वर्षांहून जास्त बंद राहिला आणि मग भाडेकराराने पुन्हा सुरू झाला. सदाशिवनगरचा श्री शंकर काही हंगाम बंद राहून पुन्हा पेटला. पंढरपूर तालुक्यातला श्री विठ्ठलही तसाच थांबला आणि उठला. उसाला दुसरा कारखाना मिळतो, थोडा लांब असला तरी. पण कारखान्याच्या गेटवरचं गॅरेज, टायरचं दुकान, वेल्डिंगचं शेड, खानावळ, बीडहून येणाऱ्या तोडणी टोळ्यांना किराणा देणारं दुकान, त्यांना दुसरं गेट मिळत नाही. यातल्या किती दुकानांवर आपल्या भावांची नावं आहेत, ते तुम्ही मला सांगायची गरज नाही. ती दुकानं सभासद नसतात, कामगार नसतात, म्हणून भरपाईच्या कुठल्याच यादीत नसतात.

तर मुद्दा असा की कारखाना बंद होतो तेव्हा तो रिकामा होत नाही. त्याच्याकडे पाच गोष्टी उरतात. एक जमीन. दोन लोखंड, म्हणजे यंत्रं आणि भंगार. तीन देणी, म्हणजे कामगाराचे आणि शेतकऱ्याचे पैसे. चार, माणसांच्या हातातलं कसब. आणि पाच, वसाहत, शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, रस्ता. या पाच गोष्टी कुणाच्या वाट्याला जातात, यावर गाव पुढची वीस वर्षं जगणार की उठणार ते ठरतं. आणि ते ठरतं पहिल्या वर्ष-दोन वर्षांत, जेव्हा गाव अजून ‘तात्पुरतं बंद’ या नोटिशीवर विश्वास ठेवून बसलेलं असतं.

लोखंडाचं सांगतो, कारण तो आपल्यातल्या अनेकांचा धंदा आहे. जुनं यंत्र तोडलं की त्याचं भंगार होतं, भंगार जालन्यासारख्या ठिकाणी वितळतं आणि त्याच्या सळ्या होऊन पुन्हा आपल्याच घराच्या स्लॅबमध्ये येतात. हा खरा उद्योग आहे, त्यात पैसा आहे. पण आपली पोरं त्यात शेवटच्या पायरीवर असतात, कटर हातात धरणारी. बॉयलरच्या पाइपांवरचं जुनं पांढरं आवरण ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. त्याची धूळ छातीत गेली तर आजार वीस-तीस वर्षांनी उठतो, तोवर ठेकेदाराचं नावसुद्धा आठवत नाही. रिकाम्या टाकीत साठलेल्या वायूने माणूस मिनिटांत जातो. तेव्हा आपल्या मुलांनी आयटीआयचं फिटर, वेल्डर करावं, मोजमाप आणि सुरक्षेचं शिकावं, चार जणांनी मिळून रीतसर नोंदणी करून तोडकामाचा ठेकाच भरावा. आणि ग्रामसभेने ठराव करावा की तोडकामात इतकी माणसं स्थानिक हवीत. ठराव केल्याने लगेच सगळं होत नाही. पण ठराव नसेल तर विचारायला आधारच नसतो.

आता देणी. थोडं कोरडं आहे, पण वहीत लिहून घ्या.

ग्रॅच्युइटी : पाच वर्षं सलग सेवा झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. ‘सलग’ म्हणजे वर्षात २४० दिवस भरले तरी ते वर्ष धरलं जातं, कायम असो की बदली. साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराला दर हंगामामागे सात दिवसांचा पगार. न मिळाल्यास कामगार आयुक्तालयात अर्ज करता येतो.

पेन्शन : १९९५ च्या योजनेत दहा वर्षं सेवा असेल तर अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन बसतं. किमान रक्कम महिन्याला एक हजार आहे, ती अपुरीच आहे. पण कित्येक बंद कारखान्यांच्या कामगारांनी अर्जच केलेला नसतो, कारण आधार कार्डावर ‘शेख’ एका तऱ्हेने लिहिलंय आणि कारखान्याच्या रजिस्टरला दुसऱ्या. आपल्या नावांचा हा घोळ तुम्हाला माहीतच आहे. हयातीतच तो दुरुस्त करून घ्या.

कारखाना दिवाळखोरीत गेला तर २०१६ च्या कायद्याने कामगाराची मागच्या चोवीस महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकेच्या बरोबरीने धरली जातात, आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी निधी त्या लिलावाच्या बाहेर राहतात. पण दावा मुदतीत भरावा लागतो. उसाचं बिल ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत द्यायचं, उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. वजनाची पावती जपली असेल तरच ते मागता येतं.

आणि कारखाना बंद करायला परवानगी लागते का? मोठ्या कारखान्यांना सरकारची आधी परवानगी घ्यावी लागते. जुन्या कायद्यात ही अट शंभर कामगारांपासून होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती तीनशेपासून आहे. हंगामी आस्थापना यातून वगळल्या आहेत. म्हणजे ज्या तालुक्यात साखर हाच मोठा उद्योग, तिथे ही ढालच पातळ आहे. म्हणून आपण जास्त जागं राहायला हवं.

एक पुढचंही बघा. सोलापूरजवळ आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचं औष्णिक केंद्र आहे, ६६० मेगावॉटचे दोन संच. नवंच आहे. पण कोळशावरची केंद्रं कायमची नसतात. परळीला १९७१ साली सुरू झालेले जुने छोटे संच बंद झाले, चंद्रपूरचे २१० मेगावॉटचे पहिले दोन संचही निवृत्त झाले. जर्मनीने २०२० मध्ये कोळसा सोडायचा कायदा केला तेव्हा त्याच वर्षी कोळशाच्या भागांसाठी चाळीस अब्ज युरोपर्यंतची तरतूद केली. आज तुमच्यापैकी जो वीस वर्षांचा आहे, तो पन्नाशीत असताना फताटेवाडीचा प्रश्न त्याच्यासमोर येईल. तेव्हा उजनीच्या पाण्याचा तो वाटा कुणाला, ती जमीन कुणाला, राखेच्या तळ्यांचं काय, हे आजच विचारायला सुरुवात केली तर चुकत नाही.

शेवटी काम सांगतो. तीनच आहेत.

पहिलं, आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा. आजोबांचं, अब्बांचं, चाचांचं हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, पीएफची पावती, बिल्ला, जे असेल ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अम्मीचं विडीचं कार्डही. घरातल्या मुलींनी हे काम हातात घ्यावं, त्यांच्या हातून कागद हरवत नाहीत असा माझा अनुभव आहे.

दुसरं, आपल्या गावातल्या बंद आणि चालू कारखान्यांच्या कामगारांची यादी करा. फक्त आपल्या मोहल्ल्याची नव्हे. वेळापुरात आषाढात माउलींची पालखी मुक्कामाला येते तेव्हा पाणी वाटताना आपण कुणाची जात विचारत नाही. ही यादीही तशीच करा. गिरणीच्या पाळीत दादांच्या शेजारी जो उभा होता, त्याचंही बदली कार्ड हरवलं असेल.

तिसरं, ग्रामसभेला जा आणि प्रश्न विचारा. माहितीचा अधिकार वापरा. कारखाना चालू असतानाच विचारा की बंद झाला तर या पाच गोष्टींचं काय ठरलंय. हा अपशकुन नाही. घरात कर्ती माणसं असतानाच आपण वाटणीचा कागद करतो, तो भांडण टाळण्यासाठी.

दादा जाऊन आता बारा वर्षं झाली. त्यांचं सामान आवरताना कुराणशरीफच्या रुमालात गुंडाळलेला पितळी बिल्ला सापडला, तिकीट नंबर असलेला. कार्ड हरवलं होतं, बिल्ला त्यांनी जपला होता. त्याला हिशेबात किंमत नव्हती. तुमच्या घरातल्या माणसाकडे फक्त बिल्ला उरू नये, एवढंच मला वाटतं.

आता प्रश्न विचारा.